ट्रायब्युनलमध्ये पिप मंजूर झालं, पण डीडब्ल्यूपी निकालाला आव्हान देतंय: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. आई 58 वर्षांची, इंग्लंडमध्ये स्लाउला राहते, संधिवाताने हात आणि गुडघे धरलेले. पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आजार-अपंगत्वामुळे रोजच्या जगण्यात अडचण येणाऱ्यांचा सरकारी भत्ता) मिळावा म्हणून केलेला अर्ज डीडब्ल्यूपीने, म्हणजे असे भत्ते देणाऱ्या सरकारी विभागाने, फेटाळला, फेरविचारातही तेच झालं. मग ट्रायब्युनलने, म्हणजे अशा निर्णयांवरची अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायमंडळाने, डेली लिव्हिंगचे (रोजची कामं) 13 आणि मोबिलिटीचे (चालणं-फिरणं) 10 गुण दिले, म्हणजे पिप मंजूर केलं. सहा आठवडे झाले तरी पैसे नाहीत. आता पत्र आलंय की विभागाने निकालाची कारणं मागवली आहेत आणि तोपर्यंत रक्कम रोखून धरली आहे. मुलगी विचारते, ‘आई म्हणते, आपण खोटं बोललो असं त्यांना वाटतंय का? पुन्हा सगळं पहिल्यापासून का?’

नाही, पहिल्यापासून नाही. आणि आईने काही खोटं सांगितलं असा या पत्राचा अर्थ होत नाही. हे तिला आजच सांगा, कारण अशा पत्राने माणूस खचतो आणि त्या खचण्यातच मुदती निघून जातात.

ट्रायब्युनलच्या निकालावर पुढे, म्हणजे अप्पर ट्रायब्युनलकडे जायचं तर फक्त कायद्याच्या चुकीवरच जाता येतं. 2007 च्या ट्रायब्युनल्स, कोर्ट्स अँड एन्फोर्समेंट ॲक्टचं कलम 11 हेच सांगतं. ‘आम्हाला ही बाई इतकी आजारी वाटत नाही’ एवढ्यावर डीडब्ल्यूपीचं अपील उभं राहत नाही. तिघांच्या पॅनेलने, म्हणजे एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला एक सदस्य यांनी, तिला पाहिलं, ऐकलं आणि तिच्यावर विश्वास ठेवला. आता वाद आहे तो त्या पॅनेलने कायदा नीट लावला का आणि कारणं पुरेशी लिहिली का, याचा. परीक्षा पॅनेलच्या कागदाची आहे, आईच्या गुडघ्यांची नाही. म्हणून तुमचं कामही बदललंय. आजार पुन्हा सिद्ध करायचा नाही. मुदती सांभाळायच्या, पैसे सुटावेत म्हणून स्वतंत्रपणे भांडायचं, आणि वेळ आलीच तर ‘कारण इथे लिहिलेलं आहे’ असं परिच्छेदाच्या क्रमांकासह दाखवायचं.

(हे सगळं इंग्लंड आणि वेल्सबद्दल. स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आलंय आणि तिथली ट्रायब्युनल वेगळी. उत्तर आयर्लंडचीही व्यवस्था निराळी.)

आत्ता नेमकं कुठे आहात

कारणं मागवली म्हणजे अपील झालं, असं नाही. सुनावणीनंतर जो पान-दीड पानाचा निकाल मिळतो त्यात गुण असतात, सविस्तर कारणं नसतात. ती हवी असतील तर निकाल पाठवल्यापासून एका महिन्यात मागावी लागतात. याला सगळे ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ म्हणतात. ते हाती आल्याशिवाय डीडब्ल्यूपीला पुढे जायचं की नाही हे ठरवताच येत नाही, आणि बऱ्याचदा ते वाचून विभाग तिथेच थांबतो.

स्टेटमेंट पाठवलं गेलं की डीडब्ल्यूपीला आणखी एक महिना मिळतो. त्यात त्यांनी त्याच ट्रायब्युनलकडे अपिलाची परवानगी मागायची. तिथला न्यायाधीश तीन गोष्टींपैकी एक करतो: परवानगी देतो, नाकारतो, किंवा निकालात कायद्याची चूक दिसली तर स्वतःच निकालाचा पुनर्विचार करतो. नाकारली तर डीडब्ल्यूपी एका महिन्यात थेट अप्पर ट्रायब्युनलकडे परवानगी मागू शकतं. तिथेही कागदावर नकार आला तर 14 दिवसांत तोंडी सुनावणी मागता येते. तिथेही नकार आला की विषय बहुतेक संपला.

म्हणजे दारं बरीच आहेत, पण प्रत्येक दाराला मुदत आहे, आणि मुदत डीडब्ल्यूपीलाही तितकीच लागू आहे. म्हणून पहिलं काम: ट्रायब्युनलच्या कार्यालयाला फोन करून चार गोष्टी विचारा. निकाल कोणत्या तारखेला पाठवला? स्टेटमेंट कोणत्या तारखेला मागितलं गेलं? ते पाठवलं असेल तर कधी? अपिलाच्या परवानगीचा अर्ज आलाय का, आणि कधी? उत्तरं एका कागदावर लिहा, खाली फोनची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव. हा कागद फाइलच्या अगदी वर ठेवा.

मुदत मोजताना लोक नेहमी चुकतात ती जागा म्हणजे ‘मिळाल्यापासून’ आणि ‘पाठवल्यापासून’ यांतला फरक. इथे महिना पाठवल्याच्या तारखेपासून चालतो. स्टेटमेंट 10 मार्चला पाठवलं असेल तर महिना 10 एप्रिलला संध्याकाळी पाचला संपतो, तुमच्या दारात ते 16 तारखेला पडलं असलं तरी. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस धरतात. पाकिटं टाकू नका. त्यावरची तारीख कधी कधी पत्रापेक्षा जास्त बोलते.

डीडब्ल्यूपीने अर्ज उशिरा केला असेल तर त्यांना उशिराचं कारण द्यावं लागतं आणि मुदतवाढ मागावी लागते. उशीर किती, कारण काय आणि एकूण परिस्थिती काय, या तीन गोष्टी न्यायाधीश बघतो. तेव्हा लगेच एक छोटं पत्र ट्रायब्युनलला पाठवा: अर्ज इतके दिवस उशिरा आहे, दिलेलं कारण पुरेसं नाही, माझी रक्कम रोखलेली असल्याने प्रत्येक आठवड्याच्या उशिराने माझं प्रत्यक्ष नुकसान होतंय, मुदतवाढीला माझा विरोध आहे. पाच-सहा ओळी पुरे. पुष्कळ लोक ‘सरकारी खातं आहे, त्यांना कोण विचारणार’ म्हणून गप्प बसतात. गप्प बसू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. आईच्या वतीने तुम्ही बोलणार असाल तर दोन वेगळी अधिकारपत्रं लागतील, एक ट्रायब्युनलसाठी आणि एक डीडब्ल्यूपीसाठी. एकाला दिलेलं दुसऱ्याकडे चालत नाही. दोन्हींवर आईची सही हवी.

रोखलेले पैसे: ही वेगळी लढाई आहे

2025-26 च्या दराने डेली लिव्हिंगचा वरचा दर आठवड्याला 110.40 पौंड आणि मोबिलिटीचा साधा दर 29.20 पौंड. मिळून 139.60, म्हणजे दर चार आठवड्यांच्या हप्त्याला 558.40 पौंड अडकलेत. मागची थकबाकी निराळी.

डीडब्ल्यूपीला रक्कम रोखायचा अधिकार आहे, तो 2013 च्या निर्णय आणि अपील नियमांतल्या नियम 44 खाली. पण ‘अधिकार’ हा शब्द नीट बघा. रोखणं त्यांना बंधनकारक नाही, ऐच्छिक आहे: ते पूर्ण रोखू शकतात, काही भाग रोखू शकतात किंवा काहीच न रोखता अपील करू शकतात. आणि अजून अपील झालेलंच नसताना, केवळ विचार चालू आहे म्हणून रोखायचं असेल तर तसा इरादा दावेदाराला लेखी आणि शक्य तितक्या लवकर कळवावा लागतो. कारणं मागायची किंवा परवानगीचा अर्ज करायची मुदत त्यांनी काहीही न करता जाऊ दिली, तर रोखलेली रक्कम सोडावीच लागते. म्हणून वरच्या त्या चार तारखा महत्त्वाच्या. फोन करून ‘पैसे कधी येणार?’ विचारलं तर ‘प्रकरण चालू आहे’ हेच ऐकू येईल. त्याऐवजी ‘स्टेटमेंट अमुक तारखेला पाठवलं, अमुक तारखेला तुमचा महिना संपला, अर्ज आलेला नाही असं ट्रायब्युनल सांगतं, मग कोणत्या नियमाखाली रक्कम रोखून ठेवली आहे ते लेखी कळवा’ असं विचारा. उत्तराचा सूर बदलतो.

रोखण्याच्या निर्णयाविरुद्ध ट्रायब्युनलकडे अपील नसतं. न्यायाधीशाला ‘आमचे पैसे सोडवा’ असं लिहिण्यात अर्थ नाही. तो फार तर प्रकरण लवकर घ्यायचा आदेश देऊ शकतो, आणि तेवढं मात्र जरूर मागा. पैशांबद्दलचं पत्र डीडब्ल्यूपीलाच जायला हवं. त्यात हाल सांगायचे, पण आकड्यांत. ‘फार अडचण आहे’ हे वाक्य कोणालाही हलवत नाही. असं लिहा:

‘माझ्या घरात येणारी एकूण रक्कम महिन्याला इतकी. भाडं इतकं, वीज-गॅस इतकं, खाणं इतकं. सांध्यांच्या दुखण्यामुळे घर 20 अंशांच्या खाली ठेवता येत नाही, त्यामुळे गॅसचं बिल मागच्या तीन महिन्यांत इतकं वाढलं. आंघोळीला मदत करायला येणाऱ्या बाईंना आठवड्याला इतके पौंड द्यायचे. मागच्या दोन आठवड्यांचे देता आले नाहीत म्हणून त्यांचं येणं थांबलं, आणि त्या दिवसापासून मी आठवड्यातून एकदाच आंघोळ करते. नियम 44 खाली रक्कम रोखणं ऐच्छिक आहे. माझी हलाखी विचारात घेऊन स्थगिती उठवावी. पूर्ण उठवता येत नसेल तर किमान ज्या भागाबद्दल वाद नाही तो भाग चालू करावा. निर्णय आणि त्याची कारणं 14 दिवसांत लेखी द्यावीत.’

(अर्थात पाठवायचं इंग्रजीत. पण आधी आईशी बोलून मराठीत लिहून काढा. ‘आठवड्यातून एकदाच’ सारखी गोष्ट माणूस फॉर्म भरताना सांगत नाही, स्वयंपाकघरात बोलताना सांगतो.) सोबत बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि थकलेली बिलं जोडा.

‘वाद नाही तो भाग’ हा मुद्दा सोडू नका. विभागाचे आक्षेप हाती आले की गुणांचं गणित मांडा. समजा, आईचे 13 गुण असे आहेत: स्वयंपाक 4, आंघोळ 3, टॉयलेट 2, कपडे 2, जेवण 2. विभागाचं म्हणणं असं की स्वयंपाकाला माणसाची मदत नको, साधन पुरेल, म्हणजे 4 ऐवजी 2. त्यांचं सगळं मान्य केलं तरी 11 उरतात. 12 ला वरचा दर, 8 ला साधा. म्हणजे त्यांच्याच हिशोबाने आठवड्याला (2025-26 च्या दराने) 73.90 पौंडांचा साधा दर बसतो, आणि मोबिलिटीबद्दल आक्षेपच नसेल तर ते 29.20 पौंड रोखण्याला काही आधार राहत नाही. हे तीन ओळींचं गणित पत्रात असलं तर नाकारणाऱ्याला निदान कारण तरी शोधावं लागतं.

उत्तर नाही आलं तर लेखी तक्रार, मग तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराचं कार्यालय. ही खासदारांची कार्यालयं अशी पत्रं रोज पाठवतात, संकोच करायचं कारण नाही. त्यापुढचा उपाय म्हणजे ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे विभागाच्या निर्णयाची कायदेशीरता कोर्टाकडून तपासून घेणं. त्यासाठी वकील हवा, आणि तो विनाविलंब, जास्तीत जास्त तीन महिन्यांत दाखल करावा लागतो. पण वकिलाने पाठवलेल्या पहिल्या इशारापत्रावरच स्थगिती उठते असंही होतं.

पिपवर टांगलेल्या बाकीच्या गोष्टीही बघा. बाबा आईची काळजी घेत असतील आणि केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता) मागायचा असेल तर ‘पिप सुटलं की बघू’ असं करू नका. निकालापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज केला तर तो पिप सुरू झाल्याच्या तारखेपर्यंत मागे नेता येतो. उशीर केला तर मधले महिने हातचे जातात. अर्जात ‘पिपची रक्कम सध्या रोखलेली आहे’ असं स्पष्ट लिहा आणि पोच जपून ठेवा. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी भत्ता) घेत असाल तर त्यातली आजारपणाची वाढीव रक्कम वेगळ्या तपासणीवर ठरते, पिप रोखलं म्हणून ती थांबत नाही.

स्टेटमेंट आलं की ते कसं वाचायचं

स्टेटमेंटची प्रत तुम्हालाही येते. पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो, नसला तर घाला. मग समासात खुणा करा: इथे कायदा सांगितलाय, इथे आईने काय सांगितलं ते आहे, इथे डीडब्ल्यूपीचं म्हणणं, इथे ‘आम्ही हे मान्य केलं’, आणि इथे ‘कारण’. या शेवटच्या दोन खुणाच पुढे कामाला येतील.

विभागाचे आक्षेप साधारण ठरलेले असतात. कारणं अपुरी आहेत. तपासणी करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या अहवालाशी विसंगत पुरावा का स्वीकारला ते सांगितलेलं नाही. साधन वापरून काम होतं का हे पाहिलं नाही. निम्म्याहून अधिक दिवस अडचण असते का हे तपासलं नाही. मूळ निर्णयाच्या तारखेनंतर बिघडलेली तब्येत विचारात घेतली. यातला शेवटचा आक्षेप खरा असेल तर तो जड असतो, कारण ट्रायब्युनलने डीडब्ल्यूपीच्या निर्णयाच्या दिवशीचीच स्थिती बघायची असते. ‘कारणं अपुरी’ हा मात्र सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त खोडता येणारा आक्षेप आहे. ट्रायब्युनलने प्रत्येक कागदावर भाष्य करणं अपेक्षित नाही. हरलेल्या पक्षाला आपण मुख्य मुद्द्यावर का हरलो हे कळलं म्हणजे पुरे. 2007 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) एका निकालात न्यायाधीश लेडी हेल यांनी सांगून ठेवलंय की तज्ज्ञ ट्रायब्युनलच्या निकालांचा आदर राखला पाहिजे. आपण स्वतः वेगळ्या निष्कर्षाला आलो असतो म्हणून वरच्या न्यायालयांनी त्यात घाईने कायद्याची चूक शोधू नये. ‘एएच सुदान’ म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं, संदर्भ 2007, यूकेएचएल 49, परिच्छेद 30. तुमच्या उत्तरात ते जरूर घ्या.

आता एक आक्षेप जवळून बघू. डीडब्ल्यूपी लिहितं: ‘पॅनेलने स्वयंपाकासाठी 4 गुण दिले, पण उंच स्टूल आणि हलकी भांडी वापरून काम का होणार नाही, याची कारणं दिली नाहीत.’ उत्तर असं जातं: ‘स्टेटमेंटच्या परिच्छेद 14 मध्ये पॅनेलने नोंदवलं आहे की दोन्ही हातांची पकड सुटते आणि गरम पाण्याचं भांडं दोनदा पडलं. परिच्छेद 15 मध्ये म्हटलं आहे की अडचण उभं राहण्याची नसून पकडीची आहे, आणि भाजण्याचा धोका भांड्याच्या वजनावर अवलंबून नाही. स्टूल हे उभं राहण्याच्या अडचणीवरचं साधन आहे. म्हणून कारण दिलेलं आहे आणि ते समजतं.’ सुरक्षिततेबद्दल अप्पर ट्रायब्युनलच्या तीन न्यायाधीशांचा 2017 चा निकाल आहे, 2017 यूकेयूटी 105. इजा होण्याची शक्यता कमी असली तरी ती झाल्यास किती गंभीर असेल हे दोन्ही मिळून बघायचं असतं, असं तो सांगतो. पॅनेलने याच अंगाने विचार केला असेल तर ते दाखवून द्या.

मराठी घरांसाठी इथे एक सूचना. कायद्यातला स्वयंपाक म्हणजे ताज्या भाज्या-धान्यापासून एका माणसासाठी केलेला एक साधा पदार्थ, कमरेच्या उंचीवर किंवा त्याच्या वर शिजवलेला. पोळ्या लाटता येत नाहीत, सणाचा स्वयंपाक होत नाही, हा त्याचा निकष नाही. पोळी-भाजीवरच सगळा भर देऊन लिहिलेलं उत्तर विभागाच्या पथ्यावर पडतं. कुकरचं झाकण फिरवता येत नाही, कांदा चिरताना सुरी सटकते, उकळतं भांडं उचलून पाणी काढून टाकता येत नाही, हे मात्र नेमकं निकषात बसतं. अट एकच: ते सुनावणीत सांगितलेलं आणि स्टेटमेंटमध्ये आलेलं असलं पाहिजे. नव्याने आणलेलं चालत नाही.

दुभाष्यामार्फत साक्ष झाली असेल तर दुसरी जागा तपासा. आई म्हणाली असेल ‘मी देवळात जाते’, आणि इंग्रजीत ते ‘चालत जाते’ झालं असेल. मग विभाग म्हणतो, पन्नास मीटरही न चालणारी बाई देवळात चालत कशी जाते, ही विसंगती पॅनेलने सोडवली नाही. सुनावणीचं ध्वनिमुद्रण ट्रायब्युनलकडून मागता येतं. ते लगेच मागा, कायम ठेवलं जात नाही. त्यात मुलगी गाडीने सोडते, देवळात खुर्चीवर बसते, असं पुढचं वाक्य सापडलं तर विसंगतीच उरत नाही.

परवानगी मिळालीच तर

आता विभाग अपीलकर्ता आणि आई प्रतिवादी. कागदावर आईच्या नावाची फक्त आद्याक्षरं छापली जातात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळण्याची भीती नको. परवानगीच्या आधी तुमचं उत्तर सहसा मागितलं जात नाही. परवानगी मिळाल्यावर अप्पर ट्रायब्युनलचं पत्र येतं आणि उत्तराला साधारण एक महिना असतो. पत्रात वेगळी तारीख दिली असेल तर तीच पाळायची. वेळ कमी पडतोय असं दिसलं तर मुदत संपायच्या आधी वाढवून मागा. संपल्यावर मागणं फार अवघड जातं.

दोन ते तीन पानं पुरतात. आधी एका वाक्यात: अपिलाला माझा विरोध आहे, ट्रायब्युनलचा निकाल कायम राहावा. मग आक्षेपवार उत्तर, प्रत्येक वेळी स्टेटमेंटचा परिच्छेद आणि बंडलचं (प्रकरणाच्या सगळ्या कागदपत्रांच्या गठ्ठ्याचं) पान. मग, आक्षेप खरा धरला तरी त्याने निकाल बदलतो का, हे बघा. न बदलणाऱ्या चुकीसाठी निकाल रद्द करायलाच हवा असं नाही. कायद्यातही ‘रद्द करू शकते, पण करायलाच हवं असं नाही’ अशीच भाषा आहे. शेवटी, मूळ सुनावणीत तुम्ही मांडलेला आणि पॅनेलने नाकारलेला एखादा मुद्दा पुन्हा मांडायचा असेल तर तोही इथेच मांडावा लागतो. उदाहरणार्थ, औषधं घेण्याबाबतचा एक गुण नाकारला असेल आणि तो कायद्याच्या चुकीने नाकारला असेल, तर आत्ता सांगा. विभागाचा प्रतिनिधी सुनावणीला हजरच नव्हता आणि आजचा आक्षेप तेव्हा कोणी मांडला नव्हता, तर तेही लिहा. एवढ्यानेच अपील पडत नाही, पण न मांडलेल्या मुद्द्यावर कारणं का नाहीत या तक्रारीतली हवा निघते.

नवी डॉक्टरांची पत्रं, पुण्याहून मागवलेले जुने एक्स-रे, फोटो, हे अप्पर ट्रायब्युनलला पाठवू नका. तिथे तथ्यांची फेरतपासणी नसते. ते सगळं बाजूला नीट ठेवा. प्रकरण परत खाली गेलं तर उपयोगी पडेल.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. परवानगीच्या टप्प्यावर दोन्ही पक्षांनी निकालात कायद्याची चूक आहे असं म्हटलं तर 1998 च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टच्या कलम 13 खाली खालच्या ट्रायब्युनलला तो निकाल रद्द करावाच लागतो. ‘तुम्ही सहमत आहात का?’ असं साधं दिसणारं पत्र येतं. कंटाळून, किंवा लवकर निकाल लागेल या आशेने, ‘ठीक आहे’ लिहून देणारे लोक हातचा निकाल घालवून बसतात. सल्ला घेतल्याशिवाय त्यावर सही करू नका. आणि तुम्हाला न विचारता निकालाचा पुनर्विचार झाला असेल, तर तो बाजूला सारण्याचा अर्ज करता येतो.

खर्चाची भीती बाळगू नका. अप्पर ट्रायब्युनलला फी नाही, आणि हरलात तरी विभागाचा खर्च तुमच्यावर पडत नाही. त्यापुढे, कोर्ट ऑफ अपीलमध्ये, खर्चाचा प्रश्न येतो. तिथे जायची वेळ आली तर आधी वकील. कल्याणकारी लाभांसाठी लीगल एड (सरकारी खर्चाने मिळणारी कायदेशीर मदत) जवळजवळ बंद झालंय, पण अप्पर ट्रायब्युनलमधल्या कायद्याच्या मुद्द्यावरच्या अपिलासाठी, उत्पन्नाची अट पाळून, सल्ला आणि कागदपत्रांची मदत अजून मिळते. हे पुष्कळ सल्लागारांनाही चटकन आठवत नाही, म्हणून स्वतःहून विचारा. लॉ सेंटर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांकडे जाताना स्टेटमेंट, विभागाचा परवानगी अर्ज आणि तारखांचा तो कागद घेऊन जा.

डीडब्ल्यूपी वर गेलं म्हणजे त्यांची बाजू भक्कमच असणार, असं समजू नका. माणसांमध्ये मिसळताना लागणारी मदत ही नुसती सूचना की ‘सोशल सपोर्ट’, म्हणजे 2 गुण की 4, यावर विभाग थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जुलै 2019 मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. ‘एमएम’ एवढ्याच आद्याक्षरांनी ओळखला जाणारा तो दावेदार, आणि त्याचा निकाल आज सगळ्या पॅनेलना लागू आहे.

उलट निकाल लागला तर

अप्पर ट्रायब्युनल निकाल रद्द करून स्वतः नवा निर्णय देऊ शकते, किंवा प्रकरण खाली नव्या पॅनेलकडे पाठवते. कारणं अपुरी म्हणून रद्द झालं तर बहुधा परत पाठवतात. तिथे सगळे गुण पुन्हा खुले होतात, वाढूही शकतात आणि कमीही होऊ शकतात. आता मात्र ती बाजूला ठेवलेली कागदपत्रं काढा, पण ती मूळ निर्णयाच्या काळातल्या तब्येतीबद्दल बोलणारी हवीत. नंतर तब्येत बिघडली असेल तर नवा अर्ज करण्याचा मोह होतो. तो सल्ला घेऊनच करा, कारण नव्या निर्णयाने जुन्या अपिलाचा काळ तिथे तुटतो.

आणि ज्यांना पैसे रोखले न जाता मिळत राहिले, त्यांचा प्रश्न: निकाल फिरला तर परत द्यावे लागतील का? पिपच्या बाबतीत जास्त दिलेली रक्कम वसूल करायची तर तुम्ही काही खोटं सांगितलं किंवा सांगायला हवं ते लपवलं, हे विभागाला दाखवावं लागतं. खरं सांगून, ट्रायब्युनलच्या निकालावर मिळालेले पैसे त्यात बसत नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिटचं तसं नाही. तिथे चूक कोणाचीही असो, वसुली होऊ शकते. पिपमुळे युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये वाढ मिळत असेल तर तेवढी रक्कम जमेल तशी बाजूला ठेवा.

शेवटचं, या काळात भारतात जायचं असेल तर. तात्पुरत्या मुक्कामासाठी पिप 13 आठवडे, उपचारांसाठी 26 आठवडे चालू राहू शकतं, आणि जाणं विभागाला कळवावं लागतं. पण खरी अडचण टपालाची आहे. आई नाशिकला आणि महिन्याभराच्या मुदतीचं पत्र स्लाउच्या दारात, असं व्हायला नको. निघण्यापूर्वी ट्रायब्युनलला जाण्या-येण्याच्या तारखा लेखी कळवा, पत्रव्यवहार तुमच्या ईमेलवर मागा, आणि आठवड्यातून दोनदा कोणीतरी पाकिटं उघडून फोटो पाठवेल अशी व्यवस्था करा.